चाळिशी ते कोलार रोड

आपल्या भाषेत 'चाळिशी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वय आणि दुसरा चष्मा. "माझी चाळिशी कुठे ठेवली रे?" असे आजोबा विचारायचे तेव्हा घरातले पोरगेसुद्धा त्यांना चष्मा नेऊन द्यायचे. डोळ्यांतला हा बदल इतक्या ठरल्या वेळी येतो की भाषेने त्या भिंगांना सरळ वयाचेच नाव देऊन टाकले. पुढे साठीसाठीही भाषेकडे म्हण तयार आहे, 'साठी बुद्धी नाठी'. म्हणजे चाळिशीला डोळे जातात आणि साठीला बुद्धी! मधल्या वीस वर्षांचे काय? त्यांच्यासाठी भाषेने फारसे काही ठेवलेले नाही. ती वीस वर्षे नोकरी, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते आणि आईवडिलांची आजारपणे यांत कुठे जातात ते कळतही नाही.

मी आज सेहेचाळीस वर्षांचा आहे. सरकारी कारकून आहे. निवृत्तीला चौदा वर्षे आहेत. आमच्या ऑफिसात या वयाची माणसे जेवणाच्या सुट्टीत दोनच विषयांवर बोलतात. एक महागाई भत्ता आणि दुसरा, 'तुझी किती वर्षे राहिली?' उरलेली वर्षे मोजायची ही सवय आम्हाला कुठून लागली, आणि जे लोक ही मोजणी संपवून पुढे गेले ते मागे वळून या वयाकडे कसे पाहतात, हे शोधावे असे बरेच दिवस मनात होते. त्याची उत्तरे मला थोडी इतिहासाच्या पुस्तकांत मिळाली आणि बरीचशी भोपाळच्या कोलार रोडवर.

गोव्याच्या माणसाचा भोपाळशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. माझी सासुरवाडी नागपूरची. बायकोचे मामा-मामी कोलार रोडवर राहतात. मामांचे सहस्रचंद्रदर्शन झालेले आहे. (हजार पौर्णिमा पाहायला साधारण ८० वर्षे १० महिने लागतात. हिशेब करून पाहा.) मागच्या हिवाळ्यात आठ-दहा दिवस त्यांच्याकडे राहण्याचा योग आला.

कोलार रोड म्हणजे भोपाळच्या दक्षिणेला चुना भट्टीकडून निघणारा रस्ता. कलियासोत नदीवरचा सर्वधर्म पूल ओलांडला की दोन्ही बाजूंनी कॉलन्या सुरू होतात. कोलार ही नर्मदेला मिळणारी नदी. तिच्यावर धरण आहे, भोपाळ शहर त्याचे पाणी पिते, आणि या रस्त्याला नावही तिचेच आहे. पूर्वी इथे शेते होती. मग प्लॉट पडले, घरे उभी राहिली, स्वतंत्र नगरपालिका झाली, पुढे तीही भोपाळ महापालिकेत विलीन झाली. आता सहा पदरी रस्ता आहे. पण सकाळी सात वाजता कॉलनीच्या बागेत गेलात तर कानटोपी, मफलर आणि काठी यांचेच राज्य. निवृत्त कारकून, निवृत्त शिक्षक, 'भेल'मधले निवृत्त फोरमन. फिरून झाले की पोहे-जिलेबी. त्यात बरेच मराठी आवाज ऐकू येतात. नागपुरी, ग्वाल्हेरी, इंदुरी असे मराठीचे तीन-चार प्रकार एकाच बाकावर बसलेले असतात.

हे लोक इथे आले कसे, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

मराठी माणूस या भागात पहिल्यांदा आला तो तलवार घेऊन. भोपाळजवळच्या दोराहा इथे जानेवारी १७३८ मध्ये निजामाने बाजीरावाशी तह केला आणि माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क मान्य केला. तेव्हा बाजीराव ३७ वर्षांचा होता. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, २८ एप्रिल १७४० रोजी, नर्मदाकाठच्या रावेरखेडीला तो गेला. वय ३९. म्हणजे ज्या माणसाने आपल्याला माळवा दाखवला त्याने स्वतः चाळिशी पाहिलीच नाही. पराक्रमाचे सगळे गणित विशी-तिशीत मांडायचे, हा आपल्या इतिहासवाचनाचा जो एक संस्कार आहे त्याचा हा नायक.

पण त्याच माळव्यात दुसरे उदाहरण आहे आणि ते मला वयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे वाटते. अहिल्याबाई होळकर. जन्म १७२५. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले. मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला. राज्याचा कारभार बाईंनी हातात घेतला तेव्हा त्यांचे वय ४२ होते. आजच्या हिशेबाने एखादी बाई 'आता आपले काय राहिले' म्हणेल असे वय, आणि तेही तीन मृत्यू पाठीवर घेऊन. तिथून पुढे १७९५ पर्यंत, म्हणजे सत्तराव्या वर्षापर्यंत, २८ वर्षे त्यांनी महेश्वरहून कारभार केला. सैन्याची बाजू तुकोजीकडे सोपवली आणि महसूल, न्याय, रस्ते, विहिरी, घाट, धर्मशाळा आपल्याकडे ठेवल्या. काशीविश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० चे, म्हणजे त्यांच्या पंचावन्नाव्या वर्षीचे. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे, म्हणजे बासष्टाव्या वर्षीचे. महेश्वरला विणकरांना आश्रय दिला. ती महेश्वरी साडी आजही आपल्या लग्नांत नेसली जाते. दुःख मात्र संपले नाही. १७९१ मध्ये जावई गेला आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. तेव्हा बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यानंतरही चार वर्षे त्यांनी राज्य सांभाळले.

आपण अहिल्याबाईंना देवी करून ठेवले. त्यामुळे त्यांच्या वयाकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्यांचे जवळजवळ सगळे काम हे मध्यम वयातले आणि उतारवयातले आहे, ही साधी गोष्ट शाळेत आपल्याला कुणी सांगितली नव्हती.

मराठी माणूस इथे मोठ्या संख्येने पुन्हा आला तो १९५६ साली, आणि या वेळी त्याच्या हातात तलवार नव्हती, फाइल होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. नागपूरच्या सचिवालयातली कपाटे, फायली आणि त्या सांभाळणारे कारकून भोपाळला निघाले. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मध्य भारत राज्यातलेही आले. भोपाळ तेव्हा नवाबी वळणाचे लहान शहर होते. विधानसभा मिंटो हॉलमध्ये भरायची. वल्लभ भवन हे सचिवालय पुढे १९६५ मध्ये झाले. या नोकरदारांसाठी जी नवी वस्ती वसली तिचे नाव तात्या टोपे नगर. येवल्याच्या माणसाचे नाव भोपाळच्या सरकारी क्वार्टरांना मिळाले!

मामांचे वडील त्या लोकांतले. तेव्हा ते चाळिशीला टेकलेले होते. नागपुरातले भाड्याचे घर, नातेवाईक, मुलांची मराठी शाळा, सगळे सोडायचे होते. मामा तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांना आठवते ते असे की, वडील रोज रात्री कंदिलाखाली हिंदी शब्दांची यादी करत बसायचे. मसुदा, टिप्पणी, अग्रेषित, पृष्ठांकन. ज्या वयात माणूस 'आता आपल्याला सगळे येते' या भरवशावर असतो त्या वयात हा माणूस पुन्हा बाराखडीला बसला होता.

आता थोडे नियमांविषयी. आमच्यासारख्यांचे म्हातारपण निसर्गाच्या आधी नियमाने ठरवलेले आहे. १ जानेवारी १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांत निवृत्तीचे वय ५५ होते. केंद्र सरकारने ते १९६२ च्या अखेरीस ५८ केले आणि १९९८ मध्ये ६०. मध्य प्रदेशाने २०१८ मध्ये ते ६२ केले. म्हणजे एकाच शतकात 'म्हातारा' होण्याचे सरकारी वय सात वर्षांनी पुढे सरकले. १९५१ च्या सुमारास देशातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. (यात बालमृत्यूंचा वाटा फार मोठा होता. सगळे लोक तिशीतच जायचे असा त्याचा अर्थ नव्हे.) आज ते सत्तरच्या घरात आहे. पूर्वी पेन्शन थोडी वर्षे घेऊन माणूस जायचा. आज नोकरीइतकेच लांब आयुष्य नोकरीनंतर असू शकते. वानप्रस्थ, साठीशांत या जुन्या कल्पनांत निदान कुटुंबाने सगळे मिळून तो बदल साजरा करायची सोय होती. आमच्याकडे सेंड-ऑफ असतो. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि पाच भाषणे. इतकी वर्षे ज्याने घड्याळ पाहून काम केले त्याला निरोपाच्या दिवशी घड्याळच द्यायचे, ही कल्पना कुणाची ते देव जाणे.

पेन्शनविषयी एक तारीख मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. १७ डिसेंबर १९८२. सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात सांगितले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, ती नोकरदाराने आधीच केलेल्या सेवेची कमाई आहे. म्हणून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिवस म्हणून पाळतात. कोलार रोडच्या आजोबांच्या चेहऱ्यावर जी एक निश्चिंती दिसते तिच्यामागे हा निकाल आहे. आमच्या पिढीचे तसे नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ नंतर लागलेल्यांना नवी अंशदायी योजना आली. मीही अशाच योजनेतला. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून खात्रीच्या पेन्शनचा पर्याय दिला आहे, पण जुन्या पेन्शनची ती शाश्वती नाही. त्यामुळे त्यांच्या म्हातारपणाचा नकाशा जसाच्या तसा घेऊन आम्हाला चालता येणार नाही. पैशाची बाजू आमची आम्हालाच पाहावी लागेल. मग त्यांच्याकडून घ्यायचे काय?

हाच प्रश्न मी सकाळच्या त्या बाकावर टाकला. तुम्ही माझ्या वयाचे होता तेव्हा म्हातारपणाचा विचार केला होता का?

मामा हसले. "जावईबापू, त्या वयात तेवढा टाइम कुठं असते? मी पोरीच्या फीचा अन् प्लॉटच्या हप्त्याचा विचार करून राहिलो होतो." मामांनी इथला प्लॉट घेतला तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. इथे तेव्हा रात्री कोल्हे ओरडायचे. ऑफिसातले लोक त्यांना हसले होते. निवृत्तीला सरकारी क्वार्टर सोडावे लागते, हे मामांना वडिलांच्या वेळी कळले होते. वडिलांना निवृत्तीनंतर सामान घेऊन भाड्याची घरे हिंडावी लागली. "म्हणून घराचा विचार केला, पण माणसांचा नाही केला," मामा म्हणाले. "माझे सगळे मित्र ऑफिसातले. रिटायर झालो अन् वर्षात फोन बंद. हा बाक मला साठीनंतर मिळाला. आधी मिळायला पाहिजे होता."

'भेल'मधून निवृत्त झालेल्या एका काकांनी वेगळे सांगितले. दोन्ही मुले परदेशात. पत्नी अंथरुणाला खिळली तेव्हा काका अडुसष्ट वर्षांचे होते आणि त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. आता ते सगळा स्वयंपाक करतात. "दोन वर्षं पोळी गोल झाली नाही," ते म्हणाले. "कारखान्यात मी शंभर माणसं शिकवली. मला शिकायची सवयच राहिली नव्हती. पोळी अवघड नसते हो, कुणाकडून तरी शिकून घेणं अवघड असतं."

ग्वाल्हेरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. वय शहात्तर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी यजमान गेले. पन्नासाव्या वर्षी त्या स्कूटर शिकल्या, त्याही शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून. पहिल्याच आठवड्यात पडून मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर पुन्हा बसल्या. त्यांनी जे सांगितले ते मी पुरुषांकडून कधी ऐकले नव्हते. त्या म्हणाल्या, "पाळी गेली, मुलं मोठी झाली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता हा दिवस माझा आहे. लोक म्हणतात बाईचं वय झालं. मी म्हणते, बाईला वेळ मिळाला."

सगळेच असे उत्साहाने बोलले असे मात्र नाही. एक आजोबा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "म्हातारपण आनंदानं स्वीकारा असं सांगणारे सगळे चाळिशीतले असतात. गुडघा दुखतो तेव्हा स्वीकारायचं काय त्यात? तो दुखतोच." बाकावर हशा झाला, पण बोलणे खरे होते. मासिकांत आणि व्हॉट्सॲपवर म्हातारपणाची जी गोडगोड सुभाषिते फिरतात त्यांच्यापेक्षा हे वाक्य मला जास्त आदराचे वाटले. त्याच आजोबांनी निघताना एक गोष्ट सांगितली. गुडघा दुखतो तरी ते रोज बागेपर्यंत येतात, कारण न आल्यास कुणीतरी घरी बघायला येते. त्यांना तेवढेच हवे असते.

घरी आल्यावर मी हे सगळे मामींना सांगत होतो. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुमचे मामा साठाव्या वर्षी रिटायर झाले. माझी ऑर्डर अजून निघाली नाही." यावर बोलण्यासारखे मामांकडे काही नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते.

या सगळ्यांच्या बोलण्यातून एक समान धागा दिसला. निवृत्तीनंतर जे निभावून गेले त्यांनी साठीनंतर काही नवीन जादू केली नव्हती. चाळिशी-पन्नाशीत त्यांची शिकायची सवय सुटलेली नव्हती, किंवा परिस्थितीने ती सुटू दिली नव्हती. इतिहासात याला दोन चांगले दाखले आहेत, आणि त्यातला एक आपल्या घरचा आहे.

पहिले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. जन्म १८६५. १८८९ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले. महाराजांना वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे अशी कामे. १९२५ मध्ये निवृत्त झाले. नोकरी ३६ वर्षांची. मग पुण्याजवळच्या कामशेतला जाऊन राहिले. मुलगा श्यामकांत उच्च शिक्षण घेऊन तरुणपणीच गेला. एरवी माणूस इथे संपतो. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात, म्हणजे पासष्टीनंतर, पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादून काढले. मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत १९४६ ते १९४८ मध्ये आला, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. १९५७ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १९५९ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. निवृत्तीनंतरची वर्षे ३४, जवळजवळ नोकरीइतकीच! पण हे काम १९२५ मध्ये अचानक सुरू झाले नव्हते. 'मुसलमानी रियासत' १८९८ ची आणि 'मराठी रियासती'चा पहिला भाग १९०२ चा. नोकरी सांभाळून, चाळिशीच्या आत, त्यांनी आपले दुसरे काम सुरू करून ठेवले होते. निवृत्तीने त्यांना फक्त वेळ दिला.

दुसरे आपले डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर. डिचोलीतल्या पिळगावचे. जन्म १८९४. पोर्तुगीज राजवटीत गोव्याचे दफ्तरखाने त्यांनी तीस वर्षे सांभाळले आणि जुनी कागदपत्रे लावून छापली. १९६१ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षाच्या शेवटी राजवटच बदलली. त्यांचे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे मराठी पुस्तक पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढले. तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. दोन वर्षांनी गेले. ज्या कागदांची भाषा राज्यकर्त्यांबरोबर निघून गेली होती त्या कागदांतला इतिहास त्यांनी सत्तरीत मराठी वाचकाच्या हातात दिला.

आणि इथे मला कोलार रोड आणि गोवा यांच्यातले नाते लक्षात आले. मामांच्या वडिलांनी १९५६ मध्ये जे केले तेच १९ डिसेंबर १९६१ नंतर आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने केले. लिसेंवमध्ये पोर्तुगीज शिकून कचेऱ्यांत लागलेले कारकून, शिक्षक, वकील. एका रात्रीत कचेरीची भाषा बदलायला लागली. ज्यांची चाळिशी तेव्हा चालू होती त्यांना इंग्रजी टिप्पण्या आणि इंग्रजी टाइपिंग शिकावे लागले, कधी आपल्याच मुलाच्या वयाच्या मास्तराकडून. मोठ्या शहरांतून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी त्यांच्याकडे जुने सामान म्हणून पाहत असत, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकलेले आहे. काही खचले. काही शिकले. आणि गंमत अशी की जुने ज्ञानही वाया गेले नाही. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात चालूच राहिला, जमिनींचे जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्येच राहिले. त्यामुळे त्याच लोकांना सत्तरीत, ऐंशीत लोक शोधत यायचे. बाल्कांवात बसून जुना दस्तऐवज वाचून देणारे आजोबा आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असतील.

त्याच दशकात आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर मुंबईत होत्या. जन्म १८९२. सत्तरीच्या आसपास त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. लोक अजून ऐकायला तयार होते, पण कधी थांबायचे ते त्यांनी स्वतः ठरवले. आणि त्याच सुमारास धोंडूताई कुलकर्णींना शिकवायला घेतले. केसरबाई शिकवण्याच्या बाबतीत किती कडक आणि हात राखून होत्या ते सर्वांना माहीत आहे. धोंडूताईंचा जन्म १९२७ चा, म्हणजे त्या स्वतः पस्तिशीच्या, आधी तालीम घेतलेल्या गायिका. तरीही त्या पुन्हा शिष्या झाल्या. सत्तरीतली बाई शिकवायला बसली आणि पस्तिशीतली बाई शिकायला बसली. दोघींनीही आपापले वय जसे आहे तसे घेतले, असे मला वाटते.

हा विषय गोव्याला आज जास्तच लागू आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे लोक ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२ टक्के. आपल्या वर फक्त केरळ होते. मुले बंगळुरूला, आखातात, लंडनला. भाटात नारळ पडतात आणि उचलायला माणूस नाही. मोठे घर, लांब सोपा आणि त्यात दोन म्हातारी माणसे. सरकारने दयानंद सामाजिक सुरक्षा योजना दिली, केंद्राने २००७ मध्ये आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा केला. या गोष्टी हव्यातच. पण बाकावर कोण बसणार, हे कायदा ठरवू शकत नाही.

म्हणून मी माझ्यापुरते काही ठरवले आहे. उपदेश नव्हे. पेन्शनचे गणित स्वतः करायचे आणि बायकोलाही समजावून सांगायचे. ऑफिसाच्या बाहेरचे चार मित्र जोडायचे. रविवारची आमटी आणि भात मी करायचा. मामींची ऑर्डर आपल्या घरात तरी वेळेवर निघाली पाहिजे. आणि मोडी लिपी शिकायची, जी कॉलेजात बी. ए. करताना राहून गेली. मला शिकवणारी मुलगी चोवीस वर्षांची आहे. ती माझ्या वहीवर लाल शाईने खुणा करते आणि पहिल्या दिवशी ते थोडे टोचले, हे लपवत नाही. चाळिशी नाकावर लावून मी त्या खुणा वाचतो आहे.

तुमच्या घरात ऐंशीच्या आसपासचे कुणी असेल तर एक करा. तब्येत कशी आहे, गोळ्या घेतल्या का, हे आपण रोजच विचारतो. त्याऐवजी एक दिवस त्यांना विचारा, तुम्ही माझ्या वयाचे होता तेव्हा काय करत होता? कशाची भीती वाटत होती? नवे काय शिकलात? १९६१ चे उत्तर मिळेल, १९६७ च्या जनमत कौलाचे मिळेल, कुणाचे कुर्डी गाव साळावलीच्या पाण्यात गेले त्याचे मिळेल. ते लिहून ठेवा. ही माणसे आहेत तोवरच ही उत्तरे आहेत.